अंजिरासाठी ड्रम घेताना: पाणी किती दिवस पुरेल?

आज मागे अधूनमधून कोंबड्यांचा आवाज येईल, सांभाळून घ्या. मी पुण्यातल्या खोलीत नाही, धावड्यात आहे, भोकरदन तालुक्यात, आमच्या घरच्या अंगणात बसून रेकॉर्ड करतोय. समोर दोन निळे ड्रम आहेत, म्हणजे एक अख्खा आणि एक अर्धा कापलेला, आणि दोन्हींत अंजिराची झाडं. आजचा विषय तेच. अंजीर सेल्फ-वॉटरिंग कुंडीत लावायचं असेल तर भांडं कोणतं घ्यायचं.

तुम्ही म्हणाल, यात अख्खा भाग करण्यासारखं काय आहे? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दोन व्हिडिओ पाहिले आणि कार्टमध्ये कुंडी टाकली. त्यात तीनपैकी एक झाड गेलं. आणि ही तीन झाडं नर्सरीतली असती तर मी परत तीन आणली असती. तशी ती नव्हती.

आमच्या विहिरीजवळ अण्णांनी लावलेलं एक अंजिराचं झाड होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी ती काडी दौलताबादकडून आणली होती. दौलताबादचं अंजीर जुनं, 'दौलताबाद' नावाची जातच आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'दिनकर' ही जात त्यातूनच निवडलेली. आपल्याला अंजीर म्हटलं की पुरंदर आठवतं, त्याला २०१६ साली जीआय मानांकनही मिळालं, पण मराठवाड्यातही अंजीर होतं, हे सांगून ठेवतो. अण्णा २०२१ मध्ये गेले. शेत बटाईनं दिलं. मग आला २०२३चा पावसाळा, म्हणजे न आलेला पावसाळा. त्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात भोकरदन होता. विहिरीत जे काही पाणी होतं ते मिरचीला गेलं, आणि जायलाच हवं होतं, बटाईदाराचं पोट त्यावर आहे. अंजीर खालून वाळत गेलं.

जानेवारी २०२४ मध्ये मी आलो आणि जिवंत फांद्यांच्या बारा काड्या कापल्या. पेन्सिलीपेक्षा जाड, चार-पाच डोळ्यांच्या. पाच फुटल्या, तीन जगल्या. मूळ झाड त्या उन्हाळ्यात गेलं. म्हणजे अण्णांच्या झाडाचं जे काही उरलंय ते या तीन काड्यांत. म्हणून भांड्याचा विषय मी एवढा मनाला लावून घेतलाय.

आता साधी कुंडी का नाही? कारण इथे आई एकटी असते आणि नळ रोज येत नाही. मे महिन्यात कुंडीतल्या अंजिराला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. एक दिवस चुकला तर दुपारी पानं अशी लोंबकळतात की बघवत नाही, आणि फळं धरली असतील तर ती गळतात. अंजिराचं पान बघा, पंजाएवढं, खरखरीत. अशी पन्नास पानं दिवसभर पाणी हवेत सोडत असतात. मी काठीनं मोजलंय: चार फुटांचं झाड, मे महिना, कडक ऊन, रोजचं सरासरी तीन लिटर.

सेल्फ-वॉटरिंग कुंडी म्हणजे समईसारखं काम. खाली तेल, वर वात. भांड्याच्या तळाशी पाण्याची टाकी, तिच्यावर जाळी, जाळीवर माती, आणि एका जागी ती माती टाकीत खाली उतरलेली. ती झाली वात. पाणी त्या वातीतून वर चढतं, झाड हवं तेवढं घेतं. एक उभा पाइप असतो पाणी भरायला, आणि बाजूला एक भोक, टाकी भरली की जास्तीचं पाणी बाहेर जायला. अमेरिकेत ही कल्पना एका टोमॅटोवाल्या शेतकऱ्यानंच गाजवली, फ्लोरिडातले ब्लेक व्हिसेनंट, १९९०च्या दशकात. आपल्याकडे मडकं झाडाशेजारी पुरून त्यात पाणी भरतात, ते याचंच भावंड. आई या कुंडीला 'खालून पिणारं झाड' म्हणते. मला सेल्फ-वॉटरिंगपेक्षा तेच नाव आवडतं.

तर पहिला प्रयोग, जून २०२४. पेंटची २० लिटरची बादली. दोन बादल्या एकात एक बसवल्या की मध्ये आपोआप टाकी होते. फुकटातलं काम, इंटरनेटवर सगळीकडे हेच दाखवतात. आणि टोमॅटो-मिरचीला ते ठीकच आहे. अंजिराचंही पहिले आठ महिने मस्त चाललं. पण हिशोब करून बघा. बादलीचा घेर असा की टाकीत एक सेंटिमीटर उंचीला साधारण ६०० मिलीलिटर पाणी मावतं. आठ सेंटिमीटरची टाकी म्हणजे पाच लिटर. झाड लहान होतं तेव्हा ते आठवडाभर पुरलं. मार्चमध्ये ते रोज दोन लिटरच्या वर प्यायला लागलं आणि टाकी तिसऱ्या दिवशी कोरडी. आई भोकरदनला लग्नाला गेली, दोन रात्री राहिली, परत आली तर खालची सगळी पानं पिवळी. हा हिशोब मी लावायच्या दिवशी केला नव्हता. कामावर सर्व्हरची कपॅसिटी मोजतो मी, पण आजचा लोड धरून कोणी मोजत नाही, पुढच्या वर्षीचा धरतात. इथे विसरलो.

दुसरं झाड मी ऑनलाइन मागवलेल्या तयार कुंडीत लावलं. कंपनीचं नाव सोडा. दिसायला देखणी, पसरट, रुंद, पांढरी. टाकी मोठी होती, तक्रार नाही. पण टाकीच्या वर मातीला जागा होती जेमतेम १८ सेंटिमीटर. आणि जास्तीच्या पाण्याच्या भोकाला रबरी बूच होतं, ते मी लावून ठेवलं, पाणी वाया जाऊ नये म्हणून! ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली. माती चिखल झाली. अंजिराची पानं पाणी असूनही मान टाकायला लागली, म्हणून आईनं फोनवर विचारलं, "कामून रे, याला अजून पाणी टाकू का?" आणि मी म्हणालो टाक. पाणी कमी पडलं तरी पान लोंबतं आणि मुळं कुजली तरी लोंबतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आलो तेव्हा बुंध्याला हात लावला तर ते हलत होतं. मुळांना वास येत होता. गेलं ते.

इथे थांबतो जरा, कारण या कुंडीनं जे शिकवलं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ते घरी करून बघता येतं. भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा हातावर धरा. पाणी ठिबकून ठिबकून थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीचं असंच असतं. तळाशी एक ठरावीक जाडीचा थर कायम गच्च भिजलेला राहतो, भांडं उंच असो की बुटकं. बुटक्या भांड्यात तो थर म्हणजे जवळजवळ सगळी माती. उंच भांड्यात त्याच्या वर ओलसर पण हवा खेळती अशी जागा उरते, आणि अंजिराची मुळं तिथे राहतात. साध्या कुंडीत निदान पाणी निघून तरी जातं, इथे तर खाली टाकीच भरलेली. म्हणून अंजिरासाठी भांडं बघताना आधी टाकी काढून टाका आणि उरलेली मातीची उंची मोजा. एक फुटाच्या खाली असेल तर मी घेणार नाही. फार उंचही नको, कारण वातीतून पाणी चढायला मर्यादा आहे. पण अंजिराला वरचे तीन-चार बोटं कोरडी चालतात, उलट बरीच.

तर मार्च २०२५. दोन झाडं उरलेली, एक बादलीतलं अर्धमेलं आणि एक साध्या कुंडीतलं, जे आई रोज तांब्यानं जगवत होती. आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं, मे महिन्यात, छत्रपती संभाजीनगरला. दहा दिवस घर बंद. भर मे.

मी जाऊन भंगारवाल्याकडे दोन ड्रम पाहिले. एक नेहमीचा २०० लिटरचा निळा, तो मधून कापून घेतला. एक ६० लिटरचा, सडपातळ. घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: यात आधी काय होतं? सांगता आलं नाही किंवा नाकाला केमिकलचा वास आला तर सोडा, कितीही स्वस्त असू दे. आपण यातलं फळ खाणार आहोत. माझ्या दोन्हींत खाण्याच्या वस्तू आलेल्या होत्या, एकाला अजून लोणच्याचा वास येतो.

अर्ध्या ड्रमचा घेर मोठा, एक सेंटिमीटरला अडीच लिटर पाणी. १४ सेंटिमीटरची टाकी केली, जाळी-टोपली वजा जाता ३२ लिटर. मातीला २७ सेंटिमीटर उरले, माझ्या स्वतःच्या नियमापेक्षा कमी, हो, माहीत आहे. पण दहा दिवसांचं पाणी हवं होतं. ६० लिटरच्या ड्रममध्ये २० सेंटिमीटरची टाकी, साधारण २० लिटर पाणी, आणि वर मातीला ३६ सेंटिमीटर. झाडासाठी उत्तम, सुट्टीसाठी अपुरं. एकाच भांड्यात दोन्ही बसेना, म्हणून दोन्ही करून पाहिले.

जाळीसाठी भाजीवाल्याचं तुटकं प्लास्टिकचं क्रेट कापून पालथं घातलं. वातीसाठी एक भोकाभोकांची टोपली. मातीत काळी माती अजिबात घालू नका, हे मी काळ्या मातीच्या मुलखात बसून सांगतोय. ती भिजली की फुगते, हवा बंद, आणि वाळली की भेगा पडतात आणि वात तुटते. कोकोपीट, शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे चाळून, एवढंच.

वजनाचं एक. पाणी भरल्यावर अर्धा ड्रम शंभर किलोच्या आसपास जातो. गच्चीवर ठेवणार असाल तर भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. आमच्या जुन्या घराला धाबं आहे, मातीचं, तिथे तर मांजर चढलं तरी आई ओरडते. म्हणून अंगण. ६० लिटरच्या ड्रमला मी चाकांची पाटी केली, कारण आई विचारत होती, "ऊन फिरलं तर मी हे हलवू कशी?" हा प्रश्न माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हता. भांडं निवडताना झाडाचं माप घेतलं, टाकीचं घेतलं, रोज त्याच्याजवळ जाणाऱ्या माणसाचं घेतलं नव्हतं. पाणी भरायचा पाइपही मी आधी बारीक लावला होता. तिला अंधुक दिसायचं, अर्धं पाणी बाहेर. मग तीन इंची लावला, त्यात घागर सरळ ओतता येते.

ड्रम निळा, आणि आमचं ऊन. स्वयंपाकघरातला थर्मामीटर खुपसून बघितला: दुपारी तीनला ड्रमच्या भिंतीलगतची माती ४३ अंश, मधली ३४. भिंतीलगत मुळं असतात, ती शिजतात अक्षरशः. बाहेरून चुना मारला आणि पश्चिमेच्या बाजूला ओलं नाही, कोरडंच गोणपाट बांधलं. झाडाला ऊन पाहिजे, भांड्याला सावली.

मग मे आला. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही टाक्या भरल्या. चाकांचा ड्रम लिंबाखाली ढकलला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं की सहाव्या दिवशी एक घागर टाका. अर्ध्या ड्रमला कोणीच हात लावायचा नाही असं ठरलं. दवाखान्यात आईच्या डोळ्यावर पट्टी, आणि ती मला विचारतेय आज कितवा दिवस.

दहाव्या दिवशी घरी आलो, पिशव्या दारात ठेवल्या आणि पाइपात काठी घातली. अर्ध्या ड्रममध्ये एक बोट पाणी शिल्लक होतं. पान एक पिवळं नव्हतं. काकूंनी घागर टाकली होती, दुसरंही ठीक. आणि जूनच्या आधी मिळून सात अंजिरं निघाली. सातांपैकी दोन बुलबुलानं खाल्ली, एक मी, बाकी आईनं. चव तीच आहे का, मला सांगता येणार नाही, मी लहान होतो तेव्हा झाडाखाली पडलेलीच खायचो. आई म्हणाली तीच आहे.

इथे एक जण नेहमी विचारतो, अंजिरात किडा असतो ना? आपल्याकडच्या अंजिराला फळ धरायला त्या चिलटाची गरज लागत नाही, ते परागीकरणाशिवाय धरतं. उंबर फोडलं की दिसतात त्या चिलटांवरून ही समजूत आली असावी. खा बिनधास्त.

आता पावसाळा. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच. २०२३ मध्ये तालुका दुष्काळी आणि २०२५ मध्ये शेतं पाण्याखाली. एकाच भांड्याला दोन्ही झेलायचं असतं. म्हणून मी जूनमध्येच दोन्ही ड्रमना अगदी तळाशी माठाची तोटी बसवली होती. पाऊस लागला की तोटी उघडी, टाकी रिकामी, आणि ती साधी कुंडी होऊन जाते. वरचं ओव्हरफ्लोचं भोक तर कधीच बंद करायचं नाही, माझ्या हातातून ते बूच कोणीतरी काढून घ्यायला हवं होतं. तरीसुद्धा फरक दिसलाच. ३६ सेंटिमीटरवालं झाड पावसात ताजं राहिलं. २७वालं उफाड्यानं वाढलं, पण पानांवर तांबेरा जास्त आला आणि पावसाळी फळं फुटली. एकेकच झाड आहे, त्यामुळे यावरून सिद्धांत मांडत नाही, पण पुढचा ड्रम मी कापणार तर मधोमध कापणार नाही. वरचा एक तृतीयांश भाग काढेन. मग टाकीही मोठी आणि मातीही खोल. वजन वाढेल, तो एकदाच ठेवायचा आणि विसरायचा.

मुळांचं राहिलं. अंजीर म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातलं. देवळाच्या भिंतीत उगवलेला पिंपळ पाहिलाय ना, त्याची मुळं पाण्यासाठी दगडातून वाट काढतात. तुमची जाळी ती काय अडवणार? वर्षभरात मुळं टाकीत उतरतातच, घाबरू नका, पाण्यातली मुळं वेगळी होतात आणि जगतात. पण दोन वर्षांनी टाकी मुळांनीच भरते, पाण्याला जागा राहत नाही. मग हिवाळ्यात पानं झडली की झाड बाहेर काढून खालची मुळं छाटायची. म्हणून भांडं असं घ्या की झाड त्यातून निघेल. सरळ किंवा वर रुंद होत जाणारं. रांजण, माठ, गोल पोटाचे सुंदर चिनी मातीचे प्लांटर, यात लावलेलं अंजीर काढायला भांडंच फोडावं लागतं. सिमेंटच्या टाकीत केलंय एका मित्रानं, मी त्याला शुभेच्छा दिल्यात.

आणि बोअरचं पाणी. आमच्याकडे ते जड आहे. खालून वर चढणारं पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. मे अखेर मातीवर पांढरी खपली दिसायला लागली. त्याला औषध नाही, वरून भरपूर पाणी सोडून धुवायचं. आम्ही ते काम पहिल्या चांगल्या पावसावर सोपवलं, तोटी उघडून. म्हणूनही ती तोटी हवी. खाली निचऱ्याची सोय नसलेलं भांडं अशा पाण्याच्या गावात घेऊच नये.

मागच्या आठवड्यात अंबडहून मामा आला होता. २०१३च्या उन्हाळ्यात त्यानं मोसंबीची बाग तोडली, टँकर लावून लावून शेवटी कुऱ्हाड लावली. तेव्हा जालना जिल्ह्यात अशा पुष्कळ बागा गेल्या. त्यानं दोन्ही ड्रमभोवती फेरी मारली, काठी घालून पाणी बघितलं, आणि विचारलं, "किती दिवस पुरतं?" मी म्हणालो, उन्हाळ्यात दहा. तो म्हणाला, "आम्हाला टँकर पाचव्या दिवशी यायचा." मग चहा झाला, विषय दुसरीकडे गेला. जाताना त्यानं जानेवारीत दोन काड्या ठेव म्हणून सांगितलं.

तर जानेवारीत छाटणी करणार आहे. काड्या मामाला दोन, काकूंना एक, बाकीच्या पुण्याला नेईन. पुण्यातल्या बाल्कनीत २०० लिटरचा ड्रम बसत नाही, घरमालक बसू देणार नाही, त्यामुळे तिथे ४० लिटरच्या आसपासचं उंच काहीतरी शोधतोय. कपडे ठेवायची झाकणाची उंच बास्केट असते ना, आतून जाड प्लास्टिक लावून, ती चालेल का बघतोय. कोणी करून पाहिलं असेल तर सांगा, पण किती दिवस टिकलं तेही सांगा, लावल्या दिवसाचा फोटो नको.

आई हाक मारतेय, पाणी आलंय नळाला. मी जातो भरायला.